मगरीची अंडी आणि चंद्रपूरचे ऊन

महोदय,

चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर गेला की पिके, गुरे, उष्माघात यांवर रकानेच्या रकाने भरतात. ताडोबाच्या तलावातल्या मगरींवर मात्र दोन ओळीही येत नाहीत. (वाघापुढे बिचाऱ्यांना विचारतो कोण!)

मगरीचे पिल्लू नर की मादी, हे गुणसूत्रे ठरवत नाहीत. अंड्याभोवतालच्या मातीची ऊब ठरवते. उन्हाळ्याच्या तोंडावर मादी काठालगत खड्डा करून त्यात पंचवीस-तीस अंडी पुरते. उबवणीच्या मधल्या काळात खड्ड्यात २८ ते ३१ अंश राहिले तर साऱ्या माद्या, साडेबत्तीसच्या आसपास बहुतेक नर, त्याहून तापले की पुन्हा माद्या दिसू लागतात. म्हणजे सगळा खेळ दीड-दोन अंशांचा. त्यातही वरची अंडी जास्त तापतात, तळाची कमी. सापांचे तसे नाही, त्यांचे लिंग गुणसूत्रांतच ठरलेले.

समुद्री कासवांत वाळू तापली की माद्या वाढतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या लहान हिरव्या कासवांत ९९ टक्के माद्या असल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले.

काठावरची सावली गेली की माती तापते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. तरी सुशोभीकरणाच्या नावाखाली आमच्याकडे मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या, म्हणजे पूर्वीच्या मालगुजारांच्या जुन्या तलावांच्या, पाळीवरची झाडे सर्रास तोडली जातात. ही तोड थांबवावी, आणि वनविभागाने मगरींच्या घरट्यांजवळ निदान तापमानाची नोंद ठेवावी.

– एक वाचक, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर