हत्तीचे थडगे आणि आपला शब्द : मंत्रिमहोदयांस खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

स. न. वि. वि.

बागरोजा या निजामशाही मकबऱ्याजवळच्या गुलामअली हत्तीच्या थडग्यापाशी माहितीफलक लावू, असा शब्द आपण आमच्या अहमदनगरात (आताच्या अहिल्यानगरात) भर सभेत दिला होता. फलक गेल्या आठवड्यात लागला. त्यावर आपले हसरे छायाचित्र आहे. हत्ती नाही, लढाईही नाही.

23 जानेवारी 1565 रोजी कृष्णाकाठी राक्षसतागडीच्या (तालिकोटच्या) रणात विजयनगरच्या रामरायाला ज्याने पकडले असे सांगतात, तो हा हत्ती. नगरचा सुलतान हुसेन निजामशहा याने रामरायाचा शिरच्छेद केला, फौज उधळली, हंपीची ती वैभवशाली राजधानी लुटली गेली आणि दक्षिणेतील सत्तेचे पारडे कृष्णेच्या उत्तरेला झुकले.

‘विषय संवेदनशील आहे,’ असे एका साहेबांनी मला ऐकवले. कोणाला संवेदनशील? हाच रामराया त्याआधी काही वर्षे विजापूरचा सुलतान अली आदिलशहा याचा दोस्त म्हणून नगरवर चालून आला होता. त्यानंतरच हुसेनने येथील मातीचा किल्ला दगडात बांधून काढला. मग त्याच आदिलशहाला त्याने आपली मुलगी चांदबीबी दिली, सोलापूरचा किल्ला आंदण दिला आणि कालचे वैरी रामरायाविरुद्ध एकत्र आले. खुद्द निजामशाहीचे मूळ पाथरीच्या कुलकर्ण्यांच्या घराण्यात सांगतात. धर्माच्या दोन रकान्यांत ही लढाई बसत नाही, हीच आपली अडचण असावी.

मी निवृत्त शिक्षक आहे. दुखऱ्या गुडघ्यांनी तीन मजले चढून जायचे, आवक-जावकच्या बाकावर दुपार काढायची आणि ‘ते हत्तीवाले आजोबा आले,’ हे कुजबुजणे ऐकायचे. एका टेबलावर सांगतात, जागा दुसऱ्या खात्याची. दुसऱ्यावर सांगतात, फाइल पहिल्याकडे. माझ्या अर्जावर चहाच्या कपाचे वर्तुळ मात्र उमटले आहे. एवढी पोच तरी मिळाली. परिसराच्या सुशोभीकरणावर कोणी तीन कोटी गेले म्हणतो, कोणी पाच. मला तेथे दिसले ते रंगवलेले कठडे आणि त्यांवरच्या पानाच्या पिचकाऱ्या.

याच नगरात 1549 मध्ये ओतलेली, सुमारे 55 टनांची मुलूख-ए-मैदान तोफ विजापूरच्या बुरुजावर आहे आणि ती पाहायला माणसे लांबून येतात. बरे झाले, तोफ वेळेवर गेली. येथे राहिली असती, तर तिच्यावरही आपल्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला असता. कारण पुतळ्याला निधी मिळतो, जयंतीला मंडप मिळतो. ज्याच्या नावावर एकही मत फिरत नाही, तो इतिहास आपल्या व्यवस्थेला अडगळ वाटतो. सरकार कोणाचेही येवो, हा शिरस्ता बदललेला नाही.

फलक बदलावा. चार ओळींचा मजकूर मी पूर्वीच दिला आहे; आपल्या छायाचित्रासाठी जागा मात्र त्यात सोडलेली नाही.

आपला,
एक नगरकर