भरतीची वाट बघणारी रांग

ऑरलँडो, फ्लोरिडा

प्रिय रेवती,

थीम पार्कातल्या जलदुर्गाच्या राइडचं काम तुझ्याकडे चालून आलं हे वाचून इतका आनंद झाला की लगेच आईला फोन करून सांगितलं. पण पुढच्याच ओळीत तुझा प्रश्न होता: इतकी वर्षं प्रायोगिक नाटकांचं नेपथ्य केलेल्या बाईनं आता हे थर्मोकोलचे बुरूज करावेत का? त्यात कलेला काही जागा असते का? याचं उत्तर फोनवर उरकण्यासारखं नाही. मी याच धंद्यात आहे, दिवसभर खोट्या दगडांचे आराखडे काढते, आणि या कामावर माझा मनापासून जीव आहे. तेव्हा पत्र लांबणार.

काम घे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील.

पहिल्याच मीटिंगमध्ये कुणीतरी विचारेल, ‘मॅडम, स्टोरी काय?’ आणि तू तोंड उघडायच्या आत एक संहिता पुढे सरकवेल. शूर मुलगा, फितूर सरदार, चोरवाट, खजिना, शेवटी लढाई, आणि हे सगळं काही मिनिटांच्या बोटीच्या फेरीत. त्या संहितेला हात लावण्याआधी जागेचा नकाशा माग. बोटीत किती माणसं, तासाला किती सोडायची, रांग कुठे उभी राहणार, पंपाची खोली कुठे, वीज गेली तर माणसं कुठून बाहेर काढणार, हे सगळं विचारून घे. तुला हे रुक्ष वाटेल. पण लोकांच्या मनात पिढ्यानपिढ्या घर करून राहिलेल्या राइड बघितल्या, तर त्यांची गोष्ट अशाच अडचणींतून निघालेली दिसते.

कॅलिफोर्नियात अ‍ॅनाहाइमला १९५५ साली डिस्नेलँड उघडलं, तेव्हा त्याच्या भोवती मातीचा बांध घालून त्यावरून छोटी रेल्वे फिरवली होती. आत आलेल्या माणसाला बाहेरचं शहर दिसू नये हा हेतू. पुढे १९६० च्या दशकात ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ आणि ‘हाँटेड मॅन्शन’ या दोन राइड एवढ्या मोठ्या झाल्या की बांधाच्या आत मावेनात. म्हणून त्यांच्या गोदामवजा इमारती रुळांच्या पलीकडे गेल्या, दरवाजे मात्र अलीकडेच राहिले. आता माणसाला रुळांखालून पलीकडे न्यायचं कसं?

अडचण एकच, पण दोन्ही उत्तरं किती वेगळी आहेत बघ. १९६७ साली उघडलेल्या पायरेट्समध्ये तुमची बोट काजव्यांच्या शांत पाणथळीतून जाता जाता अंधारात धबधब्यावरून खाली कोसळते. खाली गुहा, गुहेत चाच्यांचे सांगाडे, खजिन्यावर बसलेले. मग हळूहळू तोफांचे आवाज येतात आणि सांगाड्यांच्या जागी जिवंत चाचे दिसायला लागतात. रुळांखालून जाण्यासाठी घेतलेली ती उतरण माणसाला भूतकाळात नेते.

मॅन्शनमध्ये धबधबा कसा चालेल? तिथे लिफ्टच हवी होती. पण लिफ्टचं दार आणि बटणं दिसली की भुताटकी तिथेच संपली. म्हणून त्यांनी लिफ्टची खोली केली. तू आठ कोनांच्या एका दिवाणखान्यात शिरतेस, दार मागे बंद होतं. भिंतीवर चार तसबिरी. एकीत नाजूक छत्री घेतलेली मुलगी, दुसरीत हातात गुलाब धरलेली हसरी म्हातारी. खर्जातला एक आवाज बोलायला लागतो आणि खोली ताणली जाते. भिंती उंच होत जातात, तसबिरी खालच्या बाजूनं लांबत जातात. ती मुलगी पिंजत आलेल्या दोरावर उभी आहे आणि खाली मगरीनं जबडा वासलाय. म्हातारी बसली आहे ती नवऱ्याच्या थडग्यावर, आणि थडग्यावरच्या त्याच्या अर्धपुतळ्याच्या डोक्यात कुऱ्हाड रुतलेली. लोक माना वर करून बघत असतात, आणि तेवढ्यात त्यांच्या पायाखालची जमीन गुपचूप एक मजला खाली उतरलेली असते. १९७१ साली फ्लोरिडात दुसरं मॅन्शन झालं. इथे जागेची ददात नव्हती, खाली उतरायची गरजच नव्हती. तरी ती खोली डिझायनरांनी सोडली नाही. इथे जमीन स्थिर राहते आणि छत वर जातं. गरज संपली, तिच्यातून निघालेला प्रवेश मात्र राहिला.

याच मॅन्शनचं आणखी एक सांगते, कारण ते तुझ्या त्या संहितेशी थेट जोडलेलं आहे. डिस्नेचे डिझायनर केन अँडरसन यांनी १९५७ पासून या घरासाठी कथानकं लिहिली, त्यांत बायकोचा खून करणारा एक दर्यावर्दी कप्तानही होता. पडक्या घराची चित्रंही काढली. वॉल्ट डिस्नेंना स्वच्छ पार्कात पडकं घर नको होतं. बाहेरून घर नीटनेटकं राहील, आत भुतं काय करायचं ते करोत, असं त्यांचं म्हणणं. १९६३ पर्यंत घर बाहेरून उभं राहिलं, आणि दार उघडलं थेट १९६९ च्या ऑगस्टमध्ये. मधल्या काळात न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनाचं काम आलं, १९६६ च्या डिसेंबरात वॉल्ट गेले, आणि आत डिझायनरांचं एकमत होईना. क्लॉड कोट्स चित्रपटांच्या पार्श्वभूमी रंगवणारे, त्यांना भयाण रिकामे बोळ हवे होते. मार्क डेव्हिस पात्रांचे अ‍ॅनिमेटर, त्यांना खट्याळ भुतं हवी होती.

शेवटी दोघांचंही ठेवलं, आणि कसं ते तुझ्यासारख्या नाटकवालीनं बघण्यासारखं आहे. पूर्वार्धात कोट्स यांचे बोळ: दार आतून फुगतंय, मेणबत्ती अधांतरी तरंगतेय, पण भूत एकही दिसत नाही. मग एका काचेच्या गोळ्यात बाईचं शिर मंत्र म्हणतं, भुतांना प्रकट व्हायला सांगतं. त्यानंतर नृत्याचा दिवाणखाना आणि स्मशान, आणि डेव्हिस यांच्या भुतांची झुंबड. दोन माणसांच्या मतभेदाला मध्ये एक प्रवेश घालून कारण दिलं, आणि सगळं एकसंध झालं. अँडरसन यांचं कथानक त्यात उरलं नाही. डेव्हिस तर उघड म्हणत की या माध्यमात आदि-मध्य-अंत असलेली गोष्ट नसते, एकामागून एक अनुभव चढत जातात. मला ते शंभर टक्के पटतं. बोटीत बसलेल्या माणसाला फितूर सरदाराचं नाव लक्षात ठेवायला सवड नसते. आपण कुठे आलो आहोत, इथे नुकतंच काय घडून गेलंय आणि आता काय होईल, एवढंच त्याला कळतं, आणि तेवढं पुरतं.

त्या दिवाणखान्यातली नाचणारी भुतं कशी केली हे तू मला विचारणारच. पेपर्स घोस्ट, आपल्या रंगभूमीच्याच घरातली युक्ती. १८६२ साली लंडनला दाखवली गेली. प्रेक्षक आणि दिवाणखाना यांच्यामध्ये भल्यामोठ्या काचा आहेत, आणि खऱ्या बाहुल्या प्रेक्षकांच्या खाली आणि वर, काळ्या खोल्यांत फिरत असतात. आपल्याला दिसतं ते त्यांचं प्रतिबिंब. प्रतिबिंबात डावं-उजवं उलटतं, म्हणून त्या नाचात पुरुषांऐवजी बायका पुढाकार घेऊन फिरवताना दिसतात. संगणकाच्या करामती आल्या तरी हा प्रवेश अजून तसाच उभा आहे, आणि मला अजूनही तो तिथला सगळ्यात देखणा वाटतो.

मॅन्शनमधल्या गाड्या फिरतात. जिथे बघायचं तिथे गाडीच तुझं तोंड करते, पाठ असते तिकडे काय आहे ते तुला दिसतच नाही. तुझ्याकडे बोट आहे, तिला असं वळवता येणार नाही. बोटीतली माणसं डावीकडे, उजवीकडे, मागे वळूनही बघणार. म्हणून पायरेट्सचा धडा तुझ्या कामाचा. तिथे दोन्ही बाजूंनी चाचे एकाच वेळी बडबडत असतात. संहिता लिहिणाऱ्या झेवियर अटेन्सिओंना भीती होती की एकही वाक्य धड ऐकू जात नाही. वॉल्टनी त्यांना समजावलं की मेजवानीत असंच होतं, येता-जाता इकडचं तिकडचं कानावर पडतं. आणि पुन्हा आलात की नवीन ऐकू येतं. तेव्हा संवाद पाठ करून घेऊ नकोस. गजबज रच.

आता माझ्या घराजवळचं. ‘अ‍ॅनिमल किंगडम’ हे डिस्नेचंच प्राण्यांचं पार्क १९९८ साली उघडलं, डिझायनर जो रोडी यांच्या नेतृत्वाखाली. त्यात आनंदपूर नावाचं एक काल्पनिक राज्य आहे, भारत, नेपाळ, आग्नेय आशिया यांच्या खुणा एकत्र करून घडवलेलं. पोपडे आलेला गिलावा, हातानं रंगवलेल्या पाट्या, लोंबणाऱ्या वायरी, दुकानात राजा-राणीची तसबीर. शिकारीचा जुना महाल पडलाय, आणि ज्यांची शिकार व्हायची ते वाघ आता त्याच महालात राहतात. हे कळायला फलक वाचावा लागत नाही. तू चालत जातेस आणि भिंती सांगतात. ‘काली रिव्हर रॅपिड्स’ नावाच्या तराफ्यांच्या राइडमध्ये हिरव्यागार जंगलातून जाता जाता एकदम जळकं, तोडलेलं रान लागतं, लाकडांनी भरलेला ट्रक लागतो. लोक भिजायला आलेले असतात, पण त्या वळणावर तराफ्यातला आरडाओरडा थोडा थांबतो, हे मी पाहिलंय.

मला या आनंदपुराविषयी एक सलही आहे. भिंत त्यांनी इतक्या मायेनं पाहिली आहे की पहिल्यांदा गेले तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. पण त्या गावात घर नाही. ओटीवर तांदूळ निवडणारी आजी नाही, दप्तर टाकून पळणारं पोर नाही. परक्या डिझायनरला पोत उचलता येतो, वहिवाट उचलता येत नाही. तुझ्या जलदुर्गात ती वहिवाट तू आणू शकतेस, आणि हे काम तूच करावंस असं मला वाटण्याचं खरं कारण हेच आहे.

त्याच आनंदपुरात पुढे ‘एक्सपेडिशन एव्हरेस्ट’ हा रोलरकोस्टर आहे, २००६ सालचा. डोंगर १९९ फुटांचा. २०० फूट झाले की विमानांसाठी इशाऱ्याचा दिवा लावावा लागतो, आणि हिमालयाच्या माथ्यावर लुकलुकणारा दिवा कोण खपवून घेईल? गाडी वर चढते आणि समोर रूळ उखडून वाकवलेले. पुढे रस्ताच नाही, म्हणून ती उलटी अंधारात घसरते. गाडी मागे नेणं ही यंत्राची करामत झाली, पण रूळ कुणीतरी उखडले आहेत म्हणून ती मागे जाते, हे डिझायनरचं काम. कुणी उखडले त्याची तयारी रांगेतच झालेली असते. आधी गिर्यारोहण कंपनीचं ऑफिस, मग यतीचं, म्हणजे हिममानवाचं, देऊळ, मग सामानाचं दुकान, मग यतीच्या पाऊलखुणांचं छोटं संग्रहालय. तासभर उभं राहून लोक कंटाळण्याऐवजी घाबरायला लागतात.

म्हणून तुझ्या रांगेकडे ये. मे महिन्याचं ऊन, घामेजलेली पोरं, आणि बोट काही येत नाही. तुझी सगळ्यात मोठी अडचण हीच असणार. मी काल रात्री यावर विचार करत होते. बोट का येत नाही? कारण ओहोटी आहे! मचवे किल्ल्याकडे निघणार भरतीला. मग रांगेतली माणसं ताटकळणारी गिऱ्हाइकं राहतच नाहीत, तांडेलाच्या हाकेची वाट बघणारे उतारू होतात. रांग जाते जकातीच्या नाक्यातून: काथ्याचे दोर, नारळाची पोती, वजनकाटा, शिवायला काढलेलं शीड, कुणाच्या तरी घरचा पाट आणि चिमणी. जांभ्याच्या भिंतीवर पाण्याची ओली रेघ काढ. रांगेच्या सुरुवातीला ती घोट्याएवढी, पुढच्या वळणावर गुडघ्याएवढी, मग कमरेला. यंत्र लागत नाही, नुसता रंग आणि वॉर्निश. पोरांच्या ते मोठ्यांच्या आधी लक्षात येईल. उजेडही वळणागणिक कमी करत ने. उन्हातून आलेले डोळे अंधाराला सरावले नाहीत तर तुझा पहिला प्रवेश कुणाला दिसणारच नाही.

आणि किल्ल्यात शिरण्याचा प्रवेश तर तुला आयता मिळालाय. १६६४ साली काम सुरू झालेल्या सिंधुदुर्गाचा दरवाजा समुद्रातून दिसत नाही. अगदी जवळ गेलं, बुरुजाला वळसा घातला, की मग तो एकदम समोर येतो. शत्रूला फसवण्यासाठी केलेली ती रचना आहे, आणि तुझ्या बोटीच्या मार्गावर ती जशीच्या तशी बसेल. समोर नुसता तट, तट, तट. माणसांना वाटावं आता आपटतो. आणि मग वळसा.

जमलं तर खोपोलीजवळच्या इमॅजिकात जाऊन राजासॉरसची राइड बघून ये. तीही बोटीचीच आहे, आणि डायनासोर परदेशी न घेता नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेला घेतलाय, ही निवड मला फार आवडली. पाणी कापताना बोटीचा आवाज किती घुमतो ते मुद्दाम ऐक, ध्वनीच्या माणसाशी बोलताना उपयोगी पडेल.

नकाशा हाती आला की लगेच पाठव. रांगेची लांबी आणि एका बोटीतली माणसं, हे दोन आकडे त्यात हवेतच. मालवणला जाशील तेव्हा ओहोटीच्या वेळी तटाच्या पायथ्याचे जवळून फोटो काढ, शेवाळ कुठवर चढलंय आणि कालवं कुठे चिकटली आहेत ते दिसेल असे. रंगाऱ्यांना तेच लागतील. पैशाचं बोलताना रंगकामाचा खर्च वेगळा मांड, नाहीतर कात्री तिथेच पहिली लागते.

काकूंना नमस्कार सांग. चिनूला पापा.

तुझी,
मेधा