रात्रीच्या मुक्कामाची उंची

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

तुमच्या डोंगरप्रवासाचा तक्ता मिळाला. तो हाती येताच मी प्रत्येक मुक्कामाची उंची पेन्सिलीने समासात लिहून काढली, कारण दिवसा आपण कुठवर चढलो यापेक्षा रात्री कुठे झोपलो, यावर उंचीचा त्रास अधिक अवलंबून असतो. पहिली रात्र २,००० मीटरवर आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. दुसरी मात्र थेट ३,४०० मीटरवर आहे आणि माझी हरकत तिलाच आहे. साधारणपणे २,५०० मीटरच्या पुढे हा त्रास होऊ लागतो, आणि ३,००० मीटर ओलांडल्यावर मुक्काम एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वर नेऊ नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. तेव्हा मध्ये २,९०० मीटरच्या आसपास एक रात्र वाढवावी.

बाबा, "रोज पाच किलोमीटर चालणाऱ्याला काय होणार?" असे तुम्ही फोनवर म्हणालात. हवेतील प्राणवायूचे प्रमाण वरही २१ टक्केच असते, परंतु हवेचा दाब उतरत जातो आणि ५,५०० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो, म्हणजे श्वासागणिक मिळणारा प्राणवायूही तेवढाच घटतो. या तुटीची सवय शरीराला तिथे राहूनच होते, ती व्यायामाने आधी कमावता येत नाही. उलट ज्यांचा दमसास चांगला, तेच भराभर चढतात आणि पोहोचल्या दिवशीच हिंडायला निघतात. तुमच्या वयाची मला तितकी धास्ती नाही; तुमच्या उत्साहाची आहे. आणि रक्तातील प्राणवायू मोजणारे ते बोटाला लावायचे यंत्र खुशाल न्या, पण त्यावरचा आकडा चांगला आहे म्हणून डोकेदुखी लपवू नका.

खरी काळजी मला तुझी वाटते, आई. मागच्या खेपेला तू रात्रभर कपाळ दाबून बसली होतीस, सकाळी अन्नाचा वासही तुला नकोसा झाला होता आणि आपण सर्वांनी ते पित्त ठरवून विषय संपवला. आता विचार करता ते पित्त नसावे. ज्याला एकदा हा त्रास झाला, त्याला तशाच उंचीवर, तशाच वेगाने गेल्यास तो पुन्हा होण्याचा संभव अधिक असतो. अनेक झोपेच्या गोळ्यांनी श्वसन मंदावते, म्हणून तुझ्या गोळीविषयी डॉक्टरांना आधीच विचार. ॲसिटाझोलामाइड हे प्रतिबंधक औषध त्यांनी सुचवले, तर तेही सल्फा गटातलेच असल्याने, मागे सल्फाच्या औषधाने तुझ्या अंगावर पुरळ उठले होते, हेही न विसरता सांग.

वर पोहोचल्यावर सहा ते बारा तासांत डोके दुखू लागले आणि सोबत मळमळ, चक्कर किंवा फार थकवा असला, तर बरे वाटेपर्यंत पुढे चढू नये. बसल्या जागी धाप लागली, सरळ रेषेत चालताना तोल जाऊ लागला किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर मात्र सकाळची वाट न पाहता, कोणी सोबत घेऊन लगेच खाली उतरावे. सहप्रवाशांचा खोळंबा होईल, हा संकोच त्या वेळी कृपया बाजूला ठेवा.

सुधारलेला तक्ता पाठवाल तेव्हा समासातील उंची तुम्हीच लिहून पाठवा. मी पेन्सिल हाती घेऊन बसले आहे.

तुमची लेक