मंद्यास, त्याच्या धडधडीबद्दल

नौपाडा, ठाणे
९ जुलै

प्रिय मंद्या,

काल तुझा फोन ठेवून जेवायला बसलो, पण जेवणात लक्ष नव्हतं. तू हसत हसत सांगत होतास, "ईसीजी नॉर्मल, इको नॉर्मल, रक्त नॉर्मल. मग आता काय, ठाण्याला भरती करतोस का मला?" लेका, ज्याचा जन्म ठाण्यात गेला त्याला तरी हा विनोद ऐकवू नये. १९०१ पासून इथे मनोरुग्णालय आहे, आणि उभा महाराष्ट्र पिढ्यानपिढ्या तोच विनोद करतोय. पण तुझ्या हसण्यामागे काय होतं ते मला कळलं, कारण हे सगळं माझं भोगून झालंय. तेव्हा तू बदलीवर नागपूरला होतास, त्यामुळे नीट बोलणं कधी झालंच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिण्याजोगं हे नाही, म्हणून पत्र.

तपासण्या केल्यास हे उत्तम. धडधडलं की पॅनिकच, म्हणजे धोका नसताना उसळणारा भीतीचा झटकाच, असं घरबसल्या कुणी ठरवू नये. थायरॉइड वाढलं, अंगात रक्त कमी असलं, तरी धडधडतं. तुझ्या फाइलमध्ये टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि हिमोग्लोबिन आहे का बघ, नसेल तर करून घे. आणि नीट आठव, ठोके हळूहळू चढून हळूहळू उतरतात, की एका क्षणात दीडशेच्या वर जातात आणि तसेच एका क्षणात थांबतात? दुसरं असेल तर डॉक्टरांना अगदी याच शब्दांत सांग, ते बहुधा होल्टर नावाचं छोटं यंत्र अंगाला लावून ठोक्यांची चोवीस तासांची नोंद घेतील. कधी भोवळ येऊन पडलास, किंवा छातीवर दाब येऊन कळ हाताकडे, जबड्याकडे गेली, तर माझं पत्र वाचत बसू नकोस, १०८ लाव.

आता तुझा पंप. पावसाळा लागला की तुझा दमा उठतो, म्हणजे पंप सुरू असणार. त्यातल्या साल्ब्युटामॉलने ठोके वाढतात, हात थरथरतात. तू पफ घेतोस, छाती धडधडते आणि तुला वाटतं, आला अटॅक! पंप बंद करू नकोस, तो हवाच. फक्त पफ घेतल्यानंतरची धडधड कशाची ते लक्षात ठेव, आणि पंप वरचेवर लागत असेल तर तुझ्या दम्याच्या डॉक्टरांना दाखव. ऑफिसातल्या त्या मित्राने देऊ केलेली प्रोप्रॅनोलॉलची गोळी मात्र चुकूनही घेऊ नकोस. धडधडीवर ती देतात हे खरं, पण दमेकऱ्याच्या श्वासनळ्या तिने आवळू शकतात. त्याला लागू पडली म्हणून तुला चालेल असं नाही.

मग सगळे रिपोर्ट चांगले असताना हृदय असं का पळतं? जिवाला धोका आहे असं मेंदूला वाटलं की अ‍ॅड्रिनलिन सुटतं, ठोके वाढतात, स्नायूंकडे रक्त जातं. शरीर पळायला तयार होतं आणि तू मात्र लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धा टेकून बसलेला असतोस. रिक्षा न्यूट्रलला ठेवून रेस देत राहावं, तसला प्रकार. त्यात श्वास भराभर चालतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून ओठांभोवती मुंग्या, बोटं बधिर, डोकं हलकं. तुला जी अर्धांगवायूची धास्ती वाटली ना, ती याचीच.

माझ्या समुपदेशक बाईंनी मला हे एका कागदावर गोल काढून दाखवलं होतं. डेव्हिड क्लार्क नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये मांडलेला गोल. ठोका वाढतो, आपण त्याचा अर्थ लावतो 'हार्ट अटॅक', त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने ठोका वाढतो, की परत पहिल्यापासून. ठोक्याने आपलं काही वाकडं होत नाही, त्याचा आपण जो अर्थ लावतो तो आपल्याला फिरवत ठेवतो. मामलेदारची तिखट मिसळ खाताना तुला घाम फुटतो, कान लाल होतात, छातीत धडधडतं. तेव्हा तू डॉक्टरकडे पळतोस का? जादा पाव मागवतोस!

आणि तू इतिहासवेडा, म्हणून तुझ्यासाठी हे खास. अमेरिकेतल्या यादवी युद्धात लढलेल्या सैनिकांची हीच तक्रार असायची. छातीत धडधड, धाप, थकवा, आणि तपासावं तर हृदयात सहसा काही सापडत नसे. दा कोस्टा नावाच्या डॉक्टरने १८७१ मध्ये त्यावर लिहिलं. म्हणजे तू काही जगावेगळा नाहीस.

तुझं ते मनगटावरचं घड्याळ काही दिवस कपाटात टाक. शांत बसलेल्या मोठ्या माणसाचे ठोके मिनिटाला ६० ते १०० असतात, आणि दिवसभर ते वरखाली होतच राहतात. जिना चढला, चहा प्यायला, बॉसचा फोन आला की वाढणारच. माझ्याकडे घड्याळ नव्हतं, पण बोटं होती. रात्री पांघरुणात मनगटावर बोटं ठेवून मी मोजत पडायचो. पंधरा सेकंद मोजायचे, चारने गुणायचे. आकडा नव्वदच्या वर आला की छातीत धस्स, मग परत मोजायचं, तो शंभराच्या वर. एकदा अंधारातून नीताचा आवाज आला, "आज किती झाले?" मी म्हटलं, एकशे चार. ती म्हणाली, "मी उठून पाणी पिऊन आले, माझे पण तेवढेच असतील," आणि कूस बदलून झोपली. मला तिचा राग आला होता. पण मोजून मोजून आकडा खाली येत नाही, हे कुणीतरी म्हणायला हवंच होतं.

आता लोकल. घणसोलीहून निघतोस आणि ऐरोलीला उतरून रिक्षा करतोस, असं तू म्हणालास. उतरल्याबरोबर बरं वाटतं ना? तिथेच तर घोळ आहे. शरीर शिकतं की गाडीत धोका होता आणि उतरलो म्हणून वाचलो. मग दुसऱ्या दिवशी रबाळ्यापासूनच धाकधूक. मग लिफ्ट नको, मग सिनेमाला कडेची खुर्ची, मग घरात एकटं राहणं नको. माझं जग नौपाड्यातल्या चार गल्ल्यांवर आलं होतं, तुला खोटं वाटेल. पॅनिक साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि नंतर आपोआप उतरतो, आपण काही केलं नाही तरी. हे अंगाने अनुभवायचं असेल तर गाडीत थांबायलाच लागतं. वाटल्यास दाराजवळच्या पॅसेजमध्ये उभा राहा, पण ऐरोलीला उतरू नकोस.

त्या वेळी लोक सांगतील, मोठा श्वास घे. ऐकू नकोस. आधीच श्वास जास्त चाललेला असतो, त्यात मोठमोठे श्वास घेतले की मुंग्या अजून वाढतात. हलका श्वास नाकाने आत, चार आकड्यांपर्यंत, आणि सावकाश बाहेर, सहापर्यंत. लांबवायचं ते बाहेर सोडणं. श्वास सोडताना व्हेगस नावाची नस हृदयाला जरा आवरते. आमची आजी घाबरलेल्या पोराला दिव्यापाशी बसवून मोठ्याने स्तोत्र म्हणायला लावायची. मोठ्याने म्हणताना श्वास बाहेरच जात राहतो, तिला बरोबर ठाऊक होतं बघ. २००१ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी जपमाळेची प्रार्थना आणि मंत्र म्हणणाऱ्यांचा श्वास मोजला, तर तो मिनिटाला सहाच्या आसपास येत होता. पण श्वासाचंही नवं कर्मकांड करू नकोस. 'धडधड थांबलीच पाहिजे' म्हणून मोजायला लागलास की परत त्याच गोलात. ती चालू असतानाच शेजारच्याशी क्रिकेटवर बोल.

हृदयाच्या डॉक्टरांनी व्यायामाला हरकत नाही म्हटलं की आणखी एक करायचं, आपणहून धडधड ओढवून घ्यायची. मला बाईंनी जागच्या जागी मिनिटभर धावायला लावलं होतं. दिवाणखान्यात, बर्म्युडा घालून. धाकटा सोफ्यावर लोळून हसत होता. थांबलो की छातीवर हात न ठेवता नुसतं उभं राहायचं आणि ठोके उतरताना बघायचे. दमा असल्याने तू हे डॉक्टरांना विचारूनच कर.

एवढ्यावर भागलं तर ठीक, नाहीतर मदत घ्यायची. ठाण्यात मानसोपचारतज्ज्ञ आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून आहे, आणि टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत, फुकट बोलता येतं, रात्रीसुद्धा. मानसोपचारतज्ज्ञाने रोजची गोळी दिलीच तर गुण यायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला बेचैनी थोडी वाढूही शकते, आणि ती आपल्या मनाने बंद करायची नाही. लगेच शांत करणाऱ्या गोळ्यांची मात्र सवय लागते, त्या डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस. शनिवारच्या बैठकीवरही जरा हात आखड. रात्री दारूने बरं वाटतं आणि सकाळी तीच धडधड दामदुपटीने परत येते.

"टेन्शन घेऊ नकोस" असं मी तुला म्हणणार नाही. मला ते इतक्या लोकांनी सांगितलं की त्याचंच टेन्शन यायचं.

रविवारी ये, लोकलनेच. सुट्टीची गर्दी कमी असते, बसायला जागा मिळेल. मी ठाणे स्टेशनात नऊ-दहा नंबर फलाटाच्या जिन्यापाशी असेन. पाऊस नसेल तर उपवन तलावाला चक्कर मारू, टेकडीच्या चढाचं तुझे डॉक्टर हो म्हणाले की बघू. पंप खिशात ठेव. वहिनींना घेऊन आलास तरी चालेल, पण सोबत म्हणून नाही, नीताला भेटायला म्हणून. आणि टीएसएच किती आलं ते आधी कळव.

तुझा,
शिऱ्या