‘नॉर्मल’ रिपोर्ट आणि आमची चार वर्षं

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

स.न.वि.वि.

मी भांडुपची. माझ्या मुलाच्या हृदयात जन्मतःच दोष होता, टेट्रालॉजी ऑफ फॅलो. दहाव्या महिन्यात ऑपरेशन झालं, चांगलं झालं. तेव्हाच गुणसूत्रांची कॅरिओटाइप तपासणीही केली. रिपोर्ट आला, ‘नॉर्मल’. त्यानंतर कुणी काही शोधलंच नाही. दूध नाकातून यायचं, तर म्हणे सावकाश पाजा. तिसऱ्या वर्षी बोलेना, तर ‘बापही उशिराच बोलला होता’. (हे सासूबाईंचं, पण डॉक्टरांनीही मान डोलावली.) पाचव्या वर्षी फिट आली. रक्तातलं कॅल्शियम फारच खाली गेलेलं. मग कुठे मायक्रोॲरे (गुणसूत्रांची जास्त बारकाईची तपासणी) झाली आणि कळलं, बाविसाव्या गुणसूत्राचा तुकडाच नाही. २२क्यू११ डिलीशन. हृदय, नाकातून येणारं दूध, उशिरा बोलणं, कॅल्शियम, सगळ्यामागे तेच.

कॅरिओटाइप करणाऱ्याची चूक नव्हती. त्या तपासणीत गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात; तिथे डीएनएच्या साधारण ५० लाख अक्षरांहून लहान तुकडा गेलेला दिसत नाही, आणि याचा सुमारे ३० लाखांचा. पण हे त्या कागदावर लिहायला काय हरकत होती? ‘नॉर्मल’ वाचून आम्ही पेढे वाटले हो.

साधारण चार हजार जन्मांत एक, असा हा आजार. मुलांमधले दोष लवकर शोधणारा सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. हृदयदोष, दुभंगलेलं टाळू, उशिरा होणारी वाढ हे सगळं त्याच्या यादीत आहे, पण वेगवेगळ्या ओळींत. एकाच मुलात यातलं दोन सापडलं, तर मायक्रोॲरेसाठी पाठवा, एवढाच आदेश मी मागते आहे. परळचं केईएम २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणातलं उत्कृष्टता केंद्र आहे, पण तिथवर चिठ्ठी जायला आधी कुणाला संशय यायला हवा ना?

आणि निदान झाल्यावर कॅल्शियम, किडनीची सोनोग्राफी, प्रतिकारशक्ती, कान, टाळू हे सगळं एकाच छताखाली तपासलं जावं. जिवंत लसी (कमकुवत केलेल्या जिवंत जंतूंच्या) द्यायच्या की नाही, हे प्रतिकारशक्ती पाहूनच ठरतं. आईबापांचीही तपासणी हवी, कारण दहातल्या एखाद्या घरात हा दोष त्यांच्यापैकी एकाकडून आलेला असतो. आमची तपासणी दुसऱ्या बाळाचा विचार सोडून दिल्यावर झाली. दोघांचीही निर्दोष निघाली.

परिपत्रक एका पानाचं असलं तरी चालेल.

आपली,
भांडुपची एक आई