मुक्या लॅपटॉपला बोलतं करायला शिकवणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

मागच्या रविवारी मी माझ्या छोट्या लॅपटॉपवर डेबियन ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम पुन्हा नव्याने बसवली. दार लावून, एकटीने, कुणाचेही डोळे उसने न घेता. झाल्या झाल्या तुम्हाला फोन करणार होते. पण फोनवर तुम्ही आभार मानूच देत नाही, लगेच "अपडेट केलंस का?" म्हणून विचारता. म्हणून हे उघड पत्र. आपल्यासारख्या न दिसणाऱ्या आणखी कुणाच्या कानावर पडलं तर बरंच.

आधी काय व्हायचं ते तुम्हाला ठाऊक आहे, तुम्हीही त्यातूनच गेलात. संगणक बिघडला की दिसणाऱ्या कुणाला तरी शेजारी बसवायचं. "इथे काहीतरी लाल आलंय, ओके करू?" असं ते विचारणार आणि मी "करा" म्हणणार. संगणक माझा, पण त्यात काय बसलं, काय पुसलं गेलं, हे मला कधीच नीट कळायचं नाही.

तुम्ही पहिल्याच फोनवर सांगितलंत की संगणक कशावरून सुरू करायचा ते विचारणारा अगदी पहिला मेनू मुका असतो, तिथे कुठलाच स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, पोचत नाही, तेवढा टप्पा मोजून पार करायचा. एफ-१२ दाबत राहायचं, मग खालचा बाण, मग एंटर. माझ्या लॅपटॉपवर बाण एकदा की दोनदा हे शोधण्यात आपले तीन प्रयत्न गेले, आणि प्रत्येक वेळी तुम्ही "पंख्याचा आवाज बदलला का?" एवढंच विचारत होतात. मग डेबियन बसवणाऱ्या इन्स्टॉलरची ती बारीकशी बीप आली. "आता एस दाब आणि एंटर," तुम्ही म्हणालात. थोड्या वेळाने ई-स्पीकचा, म्हणजे मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, तो पत्र्यासारखा आवाज बोलायला लागला. पर्याय आकड्यांसकट वाचून दाखवत होता, हवा तो आकडा टाइप करून एंटर मारला की पुढे. त्या आवाजाला लोक कर्कश म्हणतात. मला मात्र तो वेग कितीही वाढवला तरी शब्द न् शब्द कळतो, आणि त्या दिवशी तर त्याच्याइतकं गोड काही ऐकलं नव्हतं.

एकाहून जास्त साउंड कार्डं सापडली तर इन्स्टॉलर एकेकातून बोलून पाहतो आणि आवाज ऐकू आला की एंटर दाबायला सांगतो. हे ज्याने कुणी सुचवलं असेल, त्याने आपल्या बाजूने विचार केला होता.

मग मी न विचारता डिस्क एन्क्रिप्ट केली, म्हणजे पासवर्डच्या कुलपात टाकली. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप चालू केला तर चिडीचूप. सगळं गेलं असं वाटून रडकुंडीला येऊन फोन केला, तेव्हा तुम्ही शांतपणे म्हणालात, "तो पासवर्ड विचारतोय, पण त्याला अजून वाचा नाही. बोलणारं सॉफ्टवेअर त्याच कुलपाच्या आत आहे." दहापर्यंत मोजून पासवर्ड टाइप केला, एंटर दाबलं आणि ऑर्का हा स्क्रीन रीडर बोलू लागला. रागवला नाहीत, "तरी सांगितलं होतं" म्हणाला नाहीत. याबद्दल वेगळे आभार.

रास्पबेरी पाय हा एका बोर्डावरचा छोटा संगणक घेतानाही तुम्ही आधीच सावध केलंत की मॉडेल ४ मध्ये हेडफोनला जागा आहे, ५ मध्ये नाही, त्यामुळे यूएसबी साउंड कार्ड लागेल. आता तळहाताएवढा तो बोर्ड, पॉवर बँक, घडीचा कीबोर्ड आणि इयरफोन एवढाच माझा प्रवासातला संगणक. पडदा नाहीच. लोकांना तो अर्धवट वाटतो. मला त्यात काहीच कमी नाही, उलट न दिसणाऱ्या पडद्यासाठी बॅटरी जाळायची नाही.

स्पीकअप हा लिनक्सच्या कर्नलमधला, म्हणजे गाभ्यातला, स्क्रीन रीडर २०२० साली कर्नलच्या ५.९ आवृत्तीत 'स्टेजिंग' या अजून कच्च्या कामाच्या विभागातून बाहेर पडून मुख्य भागात आला, हे तुम्ही घरातलं कुणी बोर्डात आल्यासारखं सांगितलं होतंत. त्या आनंदामुळेच मला कळलं की हे कुणीतरी फुकट दिलेलं दान नाही, आपलीच माणसं वर्षानुवर्षं त्यात राबली आहेत. बग कसा कळवायचा तेही तुम्हीच शिकवलंत. "'चालत नाही' असं लिहू नकोस. शेवटचा कुठला शब्द ऐकू आला आणि त्यानंतर कुठली कळ दाबलीस, ते लिही." मी आता तसंच लिहिते आणि मला उत्तरं येतात.

ई-स्पीकचे मराठी उच्चारांचे नियम साध्या मजकुराच्या फायलींत असतात, हे कळल्यापासून मी एक यादी करतेय. 'चार'मधला च वेगळा, 'चाक'मधला वेगळा; 'जीव'चा ज वेगळा, 'जागा'चा वेगळा. लिपीत दोन्ही सारखेच, त्यामुळे यंत्राला ते मुद्दाम सांगावं लागतं. दीडशेच्या वर शब्द झालेत. रविवारी पाठवते. तुमच्या कानाने एकदा तपासून द्याल ना?

तुमची,
फोनवर पंख्याचा आवाज ऐकवणारी