ब्रेक आधी, रंग मागाहून

कोल्हापूर
कोजागिरी पौर्णिमा

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवरचं बोलणं अर्धवट राहिलं. "बाबा, एवढं करताच आहात तर ते जुनं इंजिन उतरवा, आताच्या पिकअपचं डिझेल बसवा, पुढे डिस्क ब्रेक घाला, म्हणजे गाडी रोज वापरता येईल," असं तू म्हणालास आणि तुझ्या वर्गाची वेळ झाली. तू मनापासून बोललास हे मला कळतं. नुसतं हो किंवा नाही म्हणून भागणार नाही, म्हणून आज सवडीने लिहायला बसलो.

आधी आपली जुनी मालवाहू शेवरलेट कुठवर आली ते सांगतो. केबिन उतरवून शेडच्या मागच्या भिंतीला चार ड्रमांवर ठेवली आहे. चॅसी घासून रेड ऑक्साइडचे दोन हात झाले. पुढचे-मागचे स्प्रिंगचे पाटे खोलले. त्यातला एक मोडलेला निघाला, तो बदलून घेतला. हौद्याच्या फळ्या काढल्या तेव्हा खालच्या आडव्या पट्ट्या हाताने चुरल्या इतक्या गंजलेल्या होत्या. गंमत अशी की बाकीची गाडी बरी आहे. गंज नेमका जिथे गुळाचे रवे लावत होते तिथेच. काकवीचा डबा पाझरायचा, गुळाचा चिकटा फळ्यांच्या फटींतून खाली उतरायचा, आणि गूळ हवेतलं पाणी ओढून धरतो. पन्नास वर्षं तो पत्रा ओला राहिला म्हण ना. मी एका फटीतून स्क्रू ड्रायव्हरने काळा गोळा खरवडून काढला. दगडासारखा झाला होता, पण गरम पाण्यात टाकल्यावर शेडभर गुऱ्हाळाचा वास सुटला. आई आतून बाहेर येऊन विचारायला लागली, काय शिजवताय म्हणून.

आता ब्रेक. या गाडीवर माझा पहिला पैसा आणि पहिला महिना ब्रेकवर गेला, आणि का ते तुला कधी नीट सांगितलेलं नाही.

मी नऊ वर्षांचा होतो. आण्णा पंधरा रवे भरून कणकवलीला निघाले होते, मी शेजारी. दाजीपूर मागे टाकलं, फोंडा घाट उतरायला लागलो आणि तिसऱ्या की चौथ्या वळणावर पेडल फळीला टेकलं. आण्णांनी दोनदा पंप केलं, काही नाही. मागच्या चाकाचा रबरी होज फुटला होता. त्या काळच्या सगळ्या गाड्यांसारखा या गाडीलाही पेडलच्या दाबाने ब्रेकचं तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर एकच आणि चारी चाकांचं तेल एकाच नळीतून. एका ठिकाणी फुटलं की चारी चाकं मोकळी. आण्णांनी क्लच दाबून दणका देऊन गिअर खाली आणला, मग आणखी खाली. चार गिअरच्या डब्याचा पहिला गिअर इतका जड आहे की माणूस चालत पुढे निघून जाईल. हँडब्रेक ओढून त्यांनी गाडी डोंगराच्या बाजूच्या चरात घातली. मडगार्ड दगडाला घासलं, थांबली. त्यानंतर आण्णा पाचेक मिनिटं स्टिअरिंगवरचे हात सोडून बसले नाहीत, एवढंच मला आठवतं. त्यांची बोटं पांढरी पडली होती.

उजव्या मडगार्डवरचा तो पोचा अजून आहे. डेंटिंगवाल्याला त्याला हात लावू नको म्हणून सांगितलं आहे.

म्हणून आता दोन खणांचा मास्टर सिलिंडर बसवतोय. पुढच्या चाकांना एक नळी, मागच्यांना दुसरी. एक फुटली तरी दुसरी धरते. तू तिकडून त्यासाठी ब्रॅकेट पाठवलास, चांगला जाड आहे, पण तो चॅसीच्या डाव्या बाजूला बसतो. आपली गाडी उजव्या हाताची. ही शेवरलेट अमेरिकेतून तयार आलेली नाही, सुटे भाग खोक्यांतून यायचे आणि जनरल मोटर्सच्या शिवडीच्या कारखान्यात जोडणी व्हायची. तो कारखाना 1928 मध्ये सुरू झाला आणि 1954 मध्ये बंद पडला, कारण नुसती जोडणी नको, गाडी इथेच बनवा, असं सरकारचं धोरण आलं. आपली 1951 ची. पेडल, स्टिअरिंगचा डबा, डॅशबोर्ड या तिन्ही गोष्टी तिकडच्या कॅटलॉगातल्या आपल्याला लागत नाहीत. ब्रॅकेट मी उद्यमनगरात आठ मिलीच्या प्लेटमधून कापून घेतला, तुझाच समोर ठेवून, उलटा. तुझे पैसे वाया गेले असं मनात आणू नकोस.

डिस्कचं म्हणशील तर त्यावर मी बराच विचार केला. 1951 पासून या गाडीला बेंडिक्स पद्धतीचे ड्रम ब्रेक आले. त्यात ड्रमच्या आतली पुढची पट्टी फिरत्या ड्रमबरोबर ओढली जाते आणि स्वतःच मागच्या पट्टीला दाबते, म्हणजे पायाच्या जोराला चाकाचाच जोर मिळतो. डिस्कला ती मदत नाही, म्हणून बूस्टर लागतो, आणि आपला मास्टर सिलिंडर फळीखाली चॅसीला आहे, तिथे बूस्टरला जागा नाही. ही गाडी साठ-पासष्टच्या वर पळवायची नाही. तेवढ्याला नवे लायनर, नवे व्हील सिलिंडर, स्टीलच्या नव्या नळ्या आणि तीन नवे होज पुरेत. एक उणं आहे ते मान्य करतो: पाण्यातून गेल्यावर ड्रम धरत नाहीत. पावसात ओढा ओलांडला की पाय हलका ठेवून थोडं अंतर घासत न्यायचे, सुकले की धरतात. हे तुला चालवताना लक्षात ठेवावं लागेल.

इंजिनाचं मात्र मी तुझं ऐकणार नाही.

कारण नुसता जिव्हाळा नाही. या गाडीचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा फिरता दांडा, उघडा नाही, जाड नळीत बंद आहे, आणि चाकांची ढकल त्या नळीतूनच गिअरबॉक्सच्या मार्गे चॅसीला मिळते. दुसरं इंजिन आणलं की गिअरबॉक्स बदलला, गिअरबॉक्स बदलला की ती नळी गेली, नळी गेली की मागचा ॲक्सल बदलायचा, मग पाट्यांवर नवा भार. शेवटी शेवरलेटचा पत्रा आणि खाली कुठल्यातरी दुसऱ्याच गाडीचं धड. शिवाय नोंदणीच्या पुस्तकात इंजिनचा जो नंबर आहे तोच ब्लॉकवर आहे, बॉम्बे स्टेटच्या शिक्क्यापासून. जुलै 2021 मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरच्या खासगी गाड्यांसाठी नियम केले, त्यातही चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसावा अशी अट आहे. आपल्या पुस्तकावर मालवाहू लिहिलंय, त्यामुळे ती वाट आपल्याला उघडेलच असं नाही, पण अट मला मनापासून पटते.

आणि इंजिन मेलेलं नाही. सहा सिलिंडर, 216 घन इंच, म्हणजे साडेतीन लिटर, 92 घोडे. ब्लॉकला तडा नाही. बोअर साफ करून नव्या रिंगा घातल्या की झालं. खरा प्रश्न होता बेअरिंगचा. आजच्या इंजिनात बेअरिंगच्या तयार कवड्या मिळतात. या इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या तोंडातच व्हाइट मेटल ओतलेलं असतं. रॉडच्या टोपणाला खाली एक पळी आहे. क्रँक फिरेल तशी ती पळी चेंबरच्या पन्हळीतलं तेल उचलून घेते. क्रँकच्या मुख्य बेअरिंगांना तेल दाबाने जातं, रॉडच्या बेअरिंगांना नाही. म्हणून या इंजिनाला ताणायचं नसतं, आणि तेल वेळच्या वेळी बदलायचं असतं.

व्हाइट मेटल ओतणारे हात आता उद्यमनगरातही थोडेच राहिलेत. विचारत विचारत एका काकांकडे पोचलो, वय सत्तरीच्या पुढे. त्यांच्या शेजारी मी दोन दिवस बसलो आणि बाळ, तू तिथे हवा होतास.

त्यांनी रॉडमधलं जुनं मेटल गॅसने वितळवून काढलं. आतलं लोखंड ॲसिडने धुतलं, तापवलं, नवसागर टाकून कापसाच्या बोळ्याने कल्हई फिरवली. आपल्या लहानपणी दारात कल्हईवाला यायचा ना, अगदी तसाच चुर्र आवाज आणि तसाच पांढरा धूर. म्हणाले, "कल्हई एक ठिकाण जरी चुकली तरी मेटल नुसतं बसंल, धरायचं नाही." मुशीत कथील, अँटिमनी आणि तांबं यांचं मेटल पातळ होत होतं. थर्मामीटर भिंतीला टांगलेला, पण त्यांनी खोक्याच्या लाकडाची एक काडी मुशीत बुडवली. पहिल्यांदा काडी तशीच बाहेर आली. दुसऱ्यांदा जरा पिवळी. तिसऱ्यांदा तपकिरी होऊन आली, पेटली नाही. "आता," म्हणाले, आणि मधे लाट म्हणजे गोल दांडा उभा करून तापलेल्या रॉडमध्ये एका धारेत ओतलं, मधे हात न थांबवता. निवल्यावर रॉड तारेला टांगून हातोडीच्या दांड्याने टिचकी मारली. पाच रॉड घंटेसारखे वाजले. सहावा बद्द वाजला. मला तर बघून काहीच कळलं नसतं. त्यांनी तो पुन्हा भट्टीत धरला, सगळं मेटल उतरवलं, परत पहिल्यापासून कल्हई. मजुरी पाचाचीच धरा म्हणाले. मी सहाची दिली.

मग बोअरिंग, मग निळा रंग लावून क्रँकवर फिरवून बघायचं, जिथे उठाव दिसेल तिथे स्क्रेपरने खरवडायचं. फट दोन थाऊच्या, म्हणजे इंचाच्या दोन हजारांशांच्या, आत आणलीय. रॉड आणि टोपण यांच्यामध्ये शिम, म्हणजे पत्र्याच्या पातळ चकत्या, आहेत. पुढे झीज झाली की एक शिम काढायची, पुन्हा घट्ट. काकांकडे शिकणारं कोणी नाही. मी त्यांना विचारून सगळं फोनवर चित्रित करून ठेवलं आहे, तुला पाठवतो. ते नीट जपून ठेव.

बाकीचं थोडक्यात. वायरिंग सहा व्होल्टचं होतं, ते बारावर नेलं. साठ वॅटचे दोन दिवे सहा व्होल्टवर वीस अँपिअर ओढतात, बारावर दहा. जुन्या वायरींचं कापड हात लावताच गळत होतं, त्यामुळे सगळ्याच नव्या टाकल्या. फ्यूज आणि रिले घातले. डायनामो जपून बांधून ठेवलाय, जागी अल्टरनेटर आहे. सेल्फ जुनाच, फळीवर पायाने दाबायचा. बाराने तो जोरात फिरतो, म्हणून पाच सेकंदांवर पाय ठेवायचा नाही.

पेट्रोलची टाकी सीटच्या मागे, केबिनच्या आत आहे. 1949 पासून या गाड्यांना ती तिथेच देत. तिथे तुला बसवायला मी तयार नाही. नवी टाकी करून हौद्याखाली चॅसीच्या मधे टांगतोय. कार्बोरेटरचं पंपाचं चामडं, बुचाचा फ्लोट, रबरी नळ्या सगळं बदललं, कारण आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि ते जुनं रबर खातं. हौदा गुळाने खाल्ला आणि नळ्या इथेनॉल खाणार. दोन्ही आपल्याच उसाची. सीटबेल्ट बसवलेत, केबिनच्या फळीला खालून जाड प्लेटा लावून. आण्णांच्या वेळी बेल्ट नव्हते आणि मी त्या घाटात डॅशबोर्डवर आपटलो होतो. हनुवटीखालची खूण तू लहानपणी बोट लावून विचारायचास ती हीच.

म्हणजे बघ, ज्यावर आत बसणाऱ्याचा जीव आहे ते मी बिनदिक्कत नवं करतोय. जे फक्त आपल्याकडून जास्त मेहनत मागतं ते जुनं ठेवतोय. रंगाचं तू सारखं विचारतोस, पण रंग अजून ठरलेला नाही. पत्र्यावर चार थर निघाले, सगळ्यात खाली गडद हिरवा. तू आल्यावर ठरवू.

डिसेंबरात येताना या वस्तू आण, डाव्या-उजव्याचा फरक नसलेल्याच लिहिल्यात: पुढच्या काचेचं रबर, दारांच्या काचांची फेल्ट, क्लिअरन्स मोजायची प्लास्टिगेजची हिरवी पाकिटं, आणि ब्रेकच्या नळीत बसवायचे दहा पीएसआयचे दोन रेसिड्युअल व्हॉल्व्ह. मास्टर सिलिंडर चाकांपेक्षा खाली आहे, त्यामुळे ते व्हॉल्व्ह नसले तर तेल मागे उतरतं आणि पहिला दाब पोकळ जातो. व्हॉल्व्हवर बाणाची खूण आहे ना ते बघून घे.

ब्रेकचं तेल मी अजून भरलेलं नाही. ते काम दोघांचं आहे आणि तुझ्यासाठी ठेवलंय. तू वर बसून पेडल दाबायचंस, मी खाली चाकाशी. आधी मागचं लांबचं चाक, मग जवळचं. बुडबुडे संपेपर्यंत. मी "धर" म्हणालो की, मी नट आवळून "सोड" म्हणेपर्यंत तू पाय उचलायचा नाही.

तुझे,
बाबा